दमा असताना दसरा कसा काढायचा

पितृपंधरवडा लागला की आमच्या सांगलीच्या गावभागात बायकांचा एकच प्रश्न, "दसरा काढला का?" माळ्यावरची भांडी, पडदे, वाकळा, सगळं घट बसायच्या आत धुऊन मोकळं व्हायचं. मला अठरा वर्षं दमा आहे. तरी आमच्यात दसरा मीच काढते.

आधी बेसिनखालच्या बाटल्या बाहेर काढा आणि चष्मा लावून मागचं बारीक छापलेलं वाचा. ॲसिड आणि संडास घासायचं लिक्विड एका खोलीत, ब्लीच आणि ब्लीचिंग पावडर दुसऱ्या खोलीत. एका कपाटात नकोच. ही अक्कल मला आपटून आली. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या न्हाणीघरात गुडघाभर गाळ साचला होता. पाणी ओसरल्यावर गाळ निघाला, पण वास काही जाईना. मग फरशीवर ॲसिड ओतलं आणि वर मूठभर ब्लीचिंग पावडर टाकली. फस्स आवाज झाला आणि घशात जणू कुणी मिरची कुटली. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा अडीच पट जड, त्यामुळे खालीच साठतो, आणि मी तर उकिडवी बसून घासत होते. जाऊबाईंनी दंडाला धरून ओढलं म्हणून बाहेर आले. मिरजेला दवाखान्यात नेऊन वाफ दिली, तेव्हा कुठं श्वास मोकळा झाला. पुढं चार दिवस एक वाक्य खोकल्याशिवाय पुरं होत नव्हतं.

काच पुसायच्या काही औषधांत अमोनिया असतो. तो ब्लीचला लागला तरी वाईट वायू होतो. म्हणून माझा नियम, एका दिवशी एकच बाटली उघडायची. ब्लीच वापरायचंच झालं तर गार पाण्यात, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, खिडकी सताड उघडून. आणि तासभर त्या खोलीत फिरकायचं नाही.

तोंडाला ओढणी बांधून काही होत नाही. ओढणी थोडी धूळ अडवते, वायू नाही. एन-९५ मास्क धुळीला चांगला, पण वायूपुढं तोही हात टेकतो.

स्प्रेच्या बाटल्या तर मी घरातून काढूनच टाकल्या. फवारा मारला की इतके बारीक थेंब उडतात की ते काचेवर कमी आणि छातीत जास्त जातात. घरात स्प्रे असलाच तर तो फडक्यावर मारा, तोही अंगणात, मग पुसा. आम्ही काचा साध्या पाण्यानं पुसतो आणि वरून जुन्या वर्तमानपत्रानं. ओट्याला खाण्याचा सोडा कालवून लावते, पितळेला चिंच. तेलकट टाइल्सना भांड्याचा साबण आणि गरम पाणी पुरतं, फक्त मनगट लागतं.

२०१८ साली नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांवर माणसांचा वीस वर्षांचा हिशेब मांडला. घरी किंवा कामावर साफसफाई करणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची ताकद, साफसफाई न करणाऱ्या बायकांपेक्षा लवकर उतरली होती. पुरुषांत तसा फरक दिसला नाही. हे वाचून आमच्या ह्यांनी फडकं खाली ठेवलं. मी म्हटलं, तुम्हाला बाधत नाही ना, मग फिनाईलची फरशी तुमचीच. तेव्हापासून ती त्यांच्याकडे आहे.

फिनाईलचा वास आला की घर स्वच्छ झालं, असं सासूबाईंना अजून वाटतं. सुट्ट्या फिनाईलच्या बाटलीवर तर धड काही छापलेलंही नसतं. जंतुनाशकावर 'बेंझाल्कोनियम क्लोराइड' दिसलं की मी बाटली परत ठेवते. त्यानं दमा उठू शकतो.

धूळ हा वेगळा वैरी. माळा झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपायचा. फडकं बादलीत पिळत राहा, कोरडं झटकू नका. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले की त्यातले बारीक किडे मरतात. वाकळ एवढ्या गरम पाण्यात कुठं मावणार? ती नदीवर नेतात, पण आपटायचं काम दुसऱ्यानं करायचं आणि आपण लांब उभं राहायचं. मात्र दोन दिवस कडक ऊन मिळाल्याशिवाय घडी घालू नका. आत ओल राहिली की बुरशी धरते. आभाळ भरलेलं असेल तर मी वाकळा सरळ दिवाळीवर ढकलते. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

रोजचा पंप दसरा काढायच्या धावपळीत चुकवायचा नाही. निळा पंप, म्हणजे धाप लागल्यावर घ्यायचा तो, गाऊनच्या खिशात, बेडरूममध्ये नाही. छाती घरघरली की हातातलं टाकून मोकळ्या हवेत या, ताठ बसा, पंप घ्या. किती वेळा घ्यायचा ते डॉक्टरांनी लिहिलेला कागद मी फ्रिजवर चिकटवलाय, कारण त्या वेळी आठवत नाही. पंपानं उतरलं नाही, वाक्य पुरं बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर १०८ ला फोन करायचा. लिंबू-मध चाटवत बसायचं नाही.

राहिला धूप. घटापुढं नंदादीप अखंड असतो, त्याचा मला त्रास नाही. धुपाटणं मात्र मी तुळशीपाशी नेऊन ठेवलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच तिकडं निखारे घेऊन गेल्या.