शेतातून निघालेला दागिना: चांदी की गिलट?

सांवेरकडच्या आमच्या शेतात भाचा मेटल डिटेक्टर फिरवतो आणि जे निघेल ते इंदूरला रामबागेत माझ्या ओट्यावर आणून ओततो. "मावशी, बघ ना, चांदी आहे का?" मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळे हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. मी त्याला पहिल्यांदा बजावलं ते हे, की निघालेली वस्तू तिथल्या तिथे घासायची नाही. बोटाने नाही, राखेने तर नाहीच नाही. आपली काळी माती चिवट असते, पण रात्रभर साध्या पाण्यात ठेवली की सुटते.

वरचा थर बरंच काही सांगतो. चांदी जमिनीत काळी पडते, कधी जांभळट राखाडी होते. जाड हिरवा थर म्हणजे तांबं, पितळ किंवा गिलट, ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात. हे नाव भलतंच फसवं आहे. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी औषधालाही नसते. मात्र थोड्याशा हिरव्यावरून वस्तू बाद करू नका. खेड्यातल्या जुन्या तोड्या-वाळ्यांच्या चांदीत तांब्याची भेसळ असायचीच, आणि ते तांबं हिरवं होऊन वर येतं.

डिटेक्टरच्या आकड्यावर भाच्याचा फार विश्वास. माझा नाही. तांबं आणि जाड अ‍ॅल्युमिनियमही चांदीसारखाच उंच सूर काढतात, उलट नाजूक चांदीची साखळी अगदी खालचा आकडा दाखवते. लोहचुंबक लावून बघा, पण त्याने फक्त लोखंड बाहेर पडतं. पितळ, गिलट, शिसं चुंबकाला तितकेच थंड. आणि साखळीचा फासा तेवढा चिकटला तर घाबरू नका, आत पोलादी स्प्रिंग असते.

मग भिंग घेऊन शिक्का शोधा. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. पण आकडा कुणीही ठोकू शकतो, आणि जुन्या गावठी दागिन्यावर शिक्का नसणं हेच स्वाभाविक. इंग्रजी अक्षरांत ई.पी.एन.एस. दिसलं तर विषय संपला: निकेलच्या धातूवर चांदीचा मुलामा. जुन्या काटे-चमच्यांवर हा शिक्का बरेचदा दिसतो.

घरच्या घरी खरा भरवसा ठेवावा तो पाण्याच्या वजनावर. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल. दागिना कोरडा करून वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. दागिना दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता काटा जे दाखवेल ते बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा; धातू पाण्याच्या किती पट जड, ते कळतं.

भाच्याने आणलेलं एक कडं ६२.४० ग्रॅम भरलं, पाण्यात आकडा ७.२० आला. भागाकार ८.६७, म्हणजे गिलट नाहीतर पितळ. दुसरा एक तोडा, दिसायला त्याहून कळकट, ४८.६० ग्रॅमचा. पाण्यात ४.७४, भागाकार १०.२५. शुद्ध चांदी १०.४९ येते, ९२५ ची साधारण १०.३६, निम्मं तांबं मिसळलेली ९.७ च्या आसपास. तोडा चांदीचा, थोड्या भेसळीचा.

हात बसवायला देवघरातला राणीछाप रुपया घ्या. तो मुळात ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा, आणि ९१.७ टक्के चांदीचा. पाण्यात १.१३ च्या आसपास यायला हवा; झिजलेला असेल तर दोन्ही आकडे कमी, भागाकार तोच. बुडबुडे चिकटले तर हलकेच झटका. पोकळ पैंजण किंवा लाख भरलेला दागिना या परीक्षेत हलका ठरतो, तिथे निकाल देऊ नका. शिसं ११.३ वर जातं, शिवाय कागदावर करडी रेघ ओढतं.

नायट्रिक अ‍ॅसिड घरी आणू नका. मी आयुष्यभर हाताळलं, तरी आणत नाही. ते काम सराफाचं.

सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात, जायच्या आधी मात्र १८७८ चा निखात निधीचा कायदा लक्षात घ्या. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. शेत स्वतःचं असलं तरीही. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर डिटेक्टर नेऊच नका. आणि पैंजण परवा निंदणीला आलेल्या बाईचं असेल, तर आधी तिला विचारा.

सराफ्यात दुपारी जा. रात्री पेढ्या बंद होऊन तिथे भुट्ट्याच्या किसाच्या, खाण्यापिण्याच्या गाड्या सुरू होतात. "टंच काढून द्या", म्हणजे चांदी किती शुद्ध ते तपासून द्या, एवढंच सांगा. एक्स-रे मशीनवर काढणार असतील तर एक विनंती करा. एक्स-रे फक्त वरचा पातळ थर वाचतो. मुलामा त्याला चांदीच वाटतो, आणि बरीच वर्षं पुरलेल्या चांदीच्या पृष्ठभागातून तांबं निघून गेल्याने आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो. म्हणून आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कानशीने जरासं खरवडून तिथेच वाचायला सांगा. वस्तू फारच जुनी वाटत असेल तर खरवडूही देऊ नका, पाण्याच्या वजनावर थांबा.