टाच दुखतेय? हाड वाढलं म्हणून बसून राहू नका, पायरी गाठा

सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, वीस-पंचवीस पावलं चाललं की जरा बरं वाटतं, आणि दुपारी तासभर बसून उठलं की परत तेच. तुमचं असंच असेल तर ही बहुतेक प्लांटर फॅसायटिस आहे. तळव्याखाली टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड चिवट पट्टा असतो, तो पायाची कमान धरून ठेवतो. टाचेला तो जिथे चिकटतो तिथे, थोडं आतल्या बाजूला, अंगठ्याने जोरात दाबलं की नेमकं "आई गं" होतं, ती जागा.

मी शाळेत शिकवते, दिवसातले पाच तास उभी असते. आधी डावी टाच गेली, तीन वर्षांनी उजवी, मधल्या काळात सासूबाईंची आणि स्टाफरूममधल्या दोघींची. त्यामुळे यावर मिळणारे सल्ले ऐकून ऐकून आता खरंच राग येतो.

पहिला राग "हाड वाढलंय" यावर. एक्स-रेत टाचेखाली टोक दिसतं आणि घरात सगळे हळहळतात, आता हे आयुष्यभराचं. अहो, ज्यांची टाच कधी दुखलीच नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ते टोक असतं! ते तसंच राहून दुखणं पूर्ण जातं, माझं गेलं. दुसरा राग "युरिक ॲसिड वाढलं म्हणून टाच दुखते" यावर. रिपोर्ट न बघताच डाळी आणि टोमॅटो बंद करणारी माणसं मी पाहिलीत, कृपा करून असं करू नका. रुईचं पान बांधून गरम विटेवर शेकायचं असेल तर शेका, बरं वाटतं, पण पट्टा काही त्याने मजबूत होत नाही. आणि घरात कुणाला डायबिटिस असेल, तळव्याची जाणीव कमी झाली असेल, तर वीट अजिबात नको, भाजलेलं कळतसुद्धा नाही.

हे मात्र आधी बघा. टाचेत मुंग्या किंवा बधिरपणा, रात्री झोपेतही ठणका, सूज आणि ताप, टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की जीव जाणं, किंवा चालताना अचानक "टक" होऊन पाय टेकवता न येणं, यातलं काही असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. वय कमी, दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली असते, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

आता काय करायचं ते. उठायच्या आधी, पलंगावरच, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढा, दहापर्यंत मोजा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा.

टाइल्सवर अनवाणी चालणं बंद. घरात वापरायला एमसीआरची, म्हणजे मऊ रबरी तळाची, किंवा टाचेला जरा उंची असलेली चप्पल वेगळी आणा. सासूबाईंना स्वयंपाकघरात चप्पल पटत नव्हती, मग नवी कोरी आणली जी उंबऱ्याबाहेर कधी गेलीच नाही, आणि देवघरापाशी काढायची, मिटला प्रश्न. संध्याकाळी फ्रीजमधली बर्फाची बाटली तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक लोक करतच नाहीत किंवा चुकीची करतात: टाच उचलायचा व्यायाम. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात, २०१४ साली तो आला, ४८ पेशंट होते, अर्ध्यांना स्ट्रेचिंग आणि अर्ध्यांना हा व्यायाम दिला, तीन महिन्यांनी व्यायामवाले बरेच पुढे होते. वर्षाने दोन्ही गट साधारण सारखेच, पण रोज पाच तास उभं राहून काम करणाऱ्या बाईला लवकर आराम मिळणं म्हणजे किती, ते मला विचारा.

मी पहिल्यांदा काय केलं, सपाट फरशीवर, रोज, भराभर तीस-तीस वेळा. चौथ्या दिवशी पाय टेकवेना आणि मी महिनाभर सगळंच सोडून दिलं. तो महिना फुकट गेला याची मला अजून हळहळ वाटते, कारण व्यायाम चुकीचा नव्हता, पद्धत चुकीची होती.

पद्धत अशी. जुना पंचा घट्ट गुंडाळा आणि जिन्याच्या पायरीच्या कडेला ठेवा. पायाची बोटं त्या गुंडाळीवर, टाच हवेत, हात कठड्याला. बोटं वर वळलेली असली पाहिजेत, त्यानेच तो पट्टा ताणला जातो, पंचा नसेल तर पोटरीचा व्यायाम होईल पण टाचेचं काम अर्धवट राहील. दुखऱ्या एका पायावर, तीन मोजत वर, वर दोन मोजेपर्यंत थांबा, तीन मोजत खाली, टाच पायरीच्या खालपर्यंत जाऊ द्या. हळू म्हणजे खरंच हळू. बारा वेळा, बारावा जेमतेम जमला पाहिजे, असे तीन सेट. एका पायावर नाहीच जमलं तर सुरुवातीला दोन्ही पायांवर करा. दोन आठवड्यांनी पाठीवर सॅक घ्या, त्यात पुस्तकं, आणि दहाचे चार सेट, आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून आठचे पाच.

आणि एक दिवसाआड! रोज नाही. करताना थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल काय सांगतं ते बघा. नेहमीइतकंच दुखलं तर बरोबर चाललंय, जास्त दुखलं तर पुढच्या वेळी एक सेट कमी करा, पण बंद करू नका. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, पूर्ण जायला कधी वर्षही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं, पण वारंवार घेतलं तर पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, म्हणून दुसऱ्यांदा घ्यायच्या आधी डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा.

दुखणं गेलं की व्यायाम सोडू नका, आठवड्यातून दोनदा दोन्ही पायांचा करा. मी डाव्याचं थांबल्यावर सगळं सोडलं होतं, आणि मग उजवी टाच सुरू झाली. आता पंचा जिन्याच्या कठड्यावरच अडकवलेला असतो.