स्टिअरिंग जड झालंय? बॉक्स खोलण्याआधीची तयारी

पेरणी तोंडावर आली की ट्रॅक्टरचं स्टिअरिंग नेमकं तेव्हाच जड होतं, आणि आपला पहिला हात जातो तो स्टिअरिंग बॉक्सवर. तो जाऊ देऊ नका. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा दुखणं खाली, किंगपिनपाशी (ज्या उभ्या पिनवर पुढचं चाक वळतं तिथं) असतं. ते कुठं आहे हे अर्ध्या दिवसात कळतं, फक्त तयारी आदल्या संध्याकाळी झालेली हवी.

जागा कोब्याची किंवा घट्ट बसलेल्या खळ्याची निवडा, मऊ मातीत जॅक रुततो. पुढची चाकं, टायरॉडचे (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे) सांधे आणि ग्रीसची निपलं (गन लावायची तोंडं) डिझेल आणि ब्रशनं पुसून ठेवा, नाहीतर ग्रीसबरोबर वाळूही आत जाईल. जॅक, दोन भक्कम ठोकळे, मागच्या चाकांना लावायला दगड, रिंग पाने, पक्कड, दोन हातोडे, भरलेली ग्रीस गन, चार नवी निपलं, नट सुटू नये म्हणून घालायच्या नव्या स्प्लिट पिना आणि हवा मोजायचं गेज एकत्र काढून ठेवा. लाकडाच्या दोन पाचरीही घ्या. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो. एक्सल आणि वरच्या सपोर्टमध्ये दोन्हीकडून पाचर ठोकली नाही, तर उचललेला ट्रॅक्टर बाजूला कलतो. इथं हयगय नको.

सकाळी टायर थंड असतानाच हवा पाहा. 6.00-16 मापाच्या पुढच्या टायरला साधारण 30 पीएसआयच्या आसपास हवा लागते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. हवा कमी असेल तर भरून आधी फिरवून बघा, कधी दुखणं इथंच मिटतं.

मग इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागं दगड लावलेले, आणि दोन्ही पुढची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत ट्रॅक्टर उचलून ठोकळ्यांवर. आता स्टिअरिंग फिरवा. हलकं लागलं तर किंगपिनवर वजन पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर संशय घ्या. तरीही जड असेल तर ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडं जाणारा दांडा, सोडवा. नट काढून हातोडा सांध्याच्या डोळ्याला एका बाजूनं टेकवा आणि दुसऱ्या बाजूनं दुसऱ्या हातोड्यानं मारा. आट्यांवर मारलंत तर बॉल जॉइंट गेलाच समजा. लिंक सुटली की स्टिअरिंग एकटं फिरवा, चाकं हातानं एकटी वळवा. जे जड, दोष तिकडं. चाकं जड असतील तर टायरॉडही सोडवून डावं-उजवं वेगळं तपासा.

किंगपिनला ग्रीस चाक अधांतरी असतानाच द्या. वजनाखाली दाबलेल्या बेअरिंगमध्ये ते पोचतच नाही, आणि वर्षानुवर्षं चाकं जमिनीवर ठेवून गन मारणाऱ्यांचं इथंच चुकतं. एकानं गन मारावी, दुसऱ्यानं चाक इकडून तिकडं वळवत राहावं, काळं ग्रीस संपून नवं दिसेपर्यंत. निपल ग्रीस घेत नसेल तर बदला, आतली वाट तारेनं मोकळी करा. भाताच्या चिखलणीत चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये या वाटेत चिखल दगडासारखा बसलेला असतो.

आमच्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगचा प्ले (ढिलेपणा) काढायला एकदा कुणीतरी बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला होता. मधोमध आल्यावर स्टिअरिंगचं चाक अडायचं, दोन्ही टोकांना मोकळं. तुमच्याकडं असं होत असेल तर आधी तो स्क्रू तपासा, कारण बॉक्स मुळातच मध्यभागी घट्ट बसवलेला असतो. तेलाची पातळीही बघा; तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय.

जोडताना जुनी स्प्लिट पिन पुन्हा घालू नका. पहिली फेरी ट्रॉली न जोडता, आवारातच, पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडं. मग थांबून सगळे नट पुन्हा एकदा हातानं चाचपा.