३९१ ची रेषा दिसली, एवढ्यावर लेसर म्हणू नका

हवेतून कलासंबद्ध, म्हणजे लाटा एकमेकींशी ताल धरून चालणारा लेसरसारखा, प्रकाश मिळवण्याचे काम नव्याने हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी हे लिहीत आहे. ८०० नॅनोमीटरचा फेमटोसेकंद स्पंद (लेसरचा अतिसूक्ष्म काळाचा झोत) भिंगाने एकवटला की हवेत फिलामेंट, म्हणजे आयनांची बारीक तंतूसारखी रेघ, तयार होते, तिथल्या नायट्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सुटतो आणि उरलेला आयन ३९१ व ४२८ नॅनोमीटरला प्रकाश देतो, एवढे तुम्ही वाचलेले असेलच. म्हणून ज्या चुकीत माझे चार महिने गेले तिच्याकडेच मी सरळ वळते.

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षी मला ३९१ ची रेषा दिसली. स्पंदाची ऊर्जा वाढवली की ती झपाट्याने वाढे, आणि तेवढ्यावरून मी तिला लेसर उत्सर्जन मानले. प्रत्यक्षात माझा स्पेक्ट्रोमीटर फिलामेंटच्या बाजूला बसवलेला होता आणि मी मोजत होते ती साधी प्रतिदीप्ती, म्हणजे उत्तेजित आयनांनी आपापला सोडलेला प्रकाश, होती. ऊर्जा वाढली की फिलामेंट लांबते, आयन वाढतात, प्रकाशही वाढतो. कलासंबद्धतेचा त्यात कसलाच पुरावा नाही. दोन्हींची तरंगलांबी एकच, कारण आयनाच्या ऊर्जापातळ्या त्याच असतात. फरक दिसतो तो वागण्यात: प्रतिदीप्ती सगळीकडे पसरते, तर प्रवर्धित प्रकाश बीज-स्पंदाच्या, म्हणजे वाढवून घेण्यासाठी आत सोडलेल्या त्याच तरंगलांबीच्या क्षीण स्पंदाच्या, दिशेने, त्याचेच ध्रुवीकरण घेऊन, अरुंद शलाकेत जातो. पंपाच्या, म्हणजे आयन तयार करणाऱ्या ८०० नॅनोमीटरच्या स्पंदाच्या, वाटेत क्वार्टर वेव्ह प्लेट ठेवून त्याचे ध्रुवीकरण वर्तुळाकार करा. लेसर उत्सर्जन कोसळते, प्रतिदीप्ती टिकते. दहा मिनिटांचे हे काम मला कोणी सांगितले नाही, याचे आजही वाईट वाटते. आलेख सुबक दिसताच ‘लिहायला घ्या’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ‘बीज बंद केल्यावर काय उरते?’ असे विचारणारा मार्गदर्शक शतपटीने बरा, असे माझे ठाम मत आहे.

समजायला वेळ लागला तर स्वतःला कमी लेखू नका. आयनीभवनानंतर बहुतेक आयन तळाच्या पातळीतच असतात, मग प्रवर्धनासाठी लागते तसे वरच्या पातळीतले आयन तळापेक्षा जास्त कसे ठरतात, यावर जाणत्यांचेही वाद झाले आहेत. ८०० नॅनोमीटरचाच स्पंद तळातले आयन मधल्या पातळीत उचलून तळ रिकामा करतो, हे मला पटलेले स्पष्टीकरण. सुरुवात मात्र अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या २०११ च्या प्रयोगापासून करा, कारण तिथे २२६ नॅनोमीटरचा स्पंद ऑक्सिजनचा रेणू फोडतो, सुटलेल्या अणूला दोन फोटॉनांनी उत्तेजित करतो आणि ८४५ नॅनोमीटरचा प्रकाश उलट दिशेनेही येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतितीव्र लेसरवर व्याख्यान असेल तर ते चुकवू नका.

प्रत्येक मोजणीच्या वेळी वहीत तीन स्तंभ आखा: केवळ पंप, केवळ बीज, आणि दोन्ही एकत्र. माझ्या वहीत मधला स्तंभ चार महिने नव्हता.