नॅस घेताय? डेटा टाकायच्या आधी आठवडाभर छळून बघा

घरात किंवा छोट्या ऑफिसात नॅस (नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांना मिळून वापरता येणारा डिस्कचा बॉक्स) घ्यायचं ठरलं की बहुतेक जण प्रोसेसर कुठला, रॅम किती, डिस्क किती बसतात एवढं बघतात आणि बॉक्स आला की त्याच दिवशी सगळा डेटा त्यावर टाकून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. चांगल्या दिवशी सगळेच नॅस चांगले चालतात, प्रश्न वाईट दिवसाचा असतो, म्हणजे डिस्क मेली, लाइट गेली, कुणी अख्खा फोल्डर उडवला, एखाद्या पीसीत रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) घुसला. आणि हे सगळे वाईट दिवस आपण स्वतःच मुद्दाम घडवून आणू शकतो, तेही डेटा टाकायच्या आधी, परत करायची मुदत शिल्लक असताना. कसं ते सांगतो.

घ्यायच्या आधी

पहिलं काम म्हणजे आत्ता डेटा किती आहे आणि दरवर्षी किती वाढतो ते लिहून काढा. पाच माणसांच्या सीए ऑफिसात पीडीएफ, एक्सेल आणि टॅलीचे बॅकअप असतात, तिथे एक टीबी कितीतरी वर्षं पुरतो, पण लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत एकाच लग्नाचे रॉ फोटो आणि 4के व्हिडिओ मिळून काहीशे जीबी सहज होतात, त्यामुळे दुसऱ्याचं बघून साइज ठरवू नका. आत्ताचा डेटा अधिक चार-पाच वर्षांची वाढ धरा आणि वर साधारण 20 टक्के जागा मोकळी राहील असं बघा. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत. दोन 4 टीबीच्या डिस्क रेड 1 मध्ये लावल्या तर वापरायला 8 नाही 4 टीबीच मिळतात, कारण दोन्हीवर तोच डेटा असतो, आणि ते 4 टीबी पण विंडोजला सुमारे 3.63 दिसतात. कुणी फसवलेलं नसतं, डिस्क कंपनी 1000 ने मोजते आणि विंडोज 1024 ने. रेड 5 ला कमीत कमी तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कएवढी जागा जाते. रेड 0 चा ऑफिससाठी विचारही करू नका, एक डिस्क गेली की सगळं गेलं. माझं मत विचाराल तर पाच-सात माणसांपर्यंत दोन डिस्कचा बॉक्स, मोठ्या डिस्क आणि रेड 1, एवढं पुरतं, चार डिस्कचा बॉक्स व्हिडिओवाल्यांनी घ्यावा.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फाइल डिलीट केली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. त्यामुळे बजेट काढताना बॉक्स, डिस्क, एक छोटा यूपीएस आणि बॅकअपसाठी बाहेरची एक यूएसबी डिस्क हे सगळं मिळून काढा, नाहीतर शेवटच्या दोन गोष्टी "पुढच्या महिन्यात घेऊ" म्हणून राहतात आणि राहतातच. लाइटबिलाची फार चिंता नको, दोन डिस्कचा बॉक्स सरासरी 20 वॅट धरला तर वर्षाला 175 युनिटच्या आसपास, 10 रुपये युनिट धरलं तरी 1750 रुपये.

बॉक्स निवडताना मी सगळ्यात जास्त वजन देतो ते त्या मॉडेलला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार याला. 2021 च्या जूनमध्ये डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्ह या जुन्या बॉक्सवर जगभरात लोकांचा डेटा अचानक पुसला गेला, त्या मॉडेलला शेवटचा अपडेट 2015 मध्ये आला होता, आणि बॉक्स मात्र लोकांच्या घरी इंटरनेटला जोडलेला तसाच चालू होता. म्हणजे बॉक्स चालतोय याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा होत नाही. ऑनलाइन सेलमध्ये जे फार स्वस्तात मिळतं ते बरेचदा तीन-चार वर्षांपूर्वीचं मॉडेल असतं, कंपनीच्या साइटवर जाऊन त्याचा शेवटचा अपडेट कधीचा आहे ते बघायला पाच मिनिटं लागतात.

दुसरं, तुम्हाला हव्या त्या डिस्क त्यात चालतात का. सिनॉलॉजीने 2025 च्या प्लस मॉडेलमध्ये दुसऱ्या कंपन्यांच्या हार्डडिस्कवर बंधनं घातली होती, लोकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी डीएसएम 7.3 मध्ये (डीएसएम म्हणजे त्यांच्या नॅसची ऑपरेटिंग सिस्टम) ती सैल केली. त्यामुळे सुसंगत डिस्कची यादी मॉडेलनुसार बघूनच घ्या, दुकानदाराच्या "चालेल हो" वर जाऊ नका. तिसरं म्हणजे स्नॅपशॉट आहे का, म्हणजे ठरावीक वेळी फाइली जशा होत्या तशा परत आणायची सोय, हे बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइल सिस्टम असलेल्या बॉक्समध्ये मिळतं, काही कंपन्या ते ईएक्सटी4 वर पण देतात, आणि स्नॅपशॉट नसलेला बॉक्स मी तरी ऑफिससाठी घेणार नाही, का ते खाली येईलच.

डिस्क घेताना सीएमआर घ्या, एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, सीएमआरमध्ये नसतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं झालं की शेजारचं पण परत लिहावं लागतं आणि रेड रिबिल्ड होताना, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा परत भरला जाताना, ती डिस्क भयंकर हळू पडते. 2020 मध्ये डब्ल्यूडी रेडच्या (इथे रेड हे डिस्कच्या मालिकेचं नाव) 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत हे बाहेर आलं आणि मोठा गोंधळ झाला, त्यानंतर कंपनीने सीएमआरवाल्या रेड प्लस या नावाने वेगळ्या केल्या. सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआर आहेत. रेड प्लस आणि आयर्नवुल्फला तीन वर्षांची वॉरंटी असते, प्रोला पाच. डिस्क हातात आल्याबरोबर सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का बघा, आणि जमलं तर दोन डिस्क दोन दुकानांतून घ्या म्हणजे एकाच लॉटमधल्या निघण्याची शक्यता कमी.

आल्यावर पहिला आठवडा

बॉक्स लावला, अपडेट मारला, ॲडमिनचा पासवर्ड बदलला, दोन्ही डिस्कवर स्मार्टची (डिस्कची तब्येत तपासायची तिच्यातलीच सोय) एक्स्टेंडेड टेस्ट लावून रात्रभर सोडून दिली. नवीन डिस्क एकतर सुरुवातीलाच मरते नाहीतर बरीच चालते असा सर्वसाधारण अनुभव आहे, म्हणून सुरुवातीलाच तिला कामाला लावा. सकाळी रीअॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या आणि संशयित जागा) दोन्ही शून्य पाहिजेत, नवीन डिस्कवर एक जरी दिसला तरी वाद न घालता परत करा.

मग स्पीड. वायफायवर मोजू नका, केबल लावा. नॅसच्या रॅमपेक्षा मोठी, म्हणजे 10 जीबी वगैरे एकच फाइल कॉपी करा. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला 110 एमबीच्या आसपास मिळालं पाहिजे, म्हणजे दीड मिनिटात फाइल गेली पाहिजे. तेच जर 11-12 एमबीवर अडकलं असेल तर नॅसला दोष देऊ नका, कुठेतरी 100 एमबीपीएसची लिंक लागलीये. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात आणि 100 एमबीपीएस चारांवर चालतं, त्यामुळे उरलेल्या चारांतली एक तार जरी नीट क्रिंप झाली नसेल तरी नेट चालू राहतं, फक्त हळू, आणि कुणाला काही कळत नाही. काही स्वस्त राउटरला पोर्टच 100 चे असतात, तिथे एक गिगाबिट स्विच घेऊन नॅस आणि पीसी दोन्ही त्याला जोडा, काम झालं. यानंतर 10,000 छोट्या फाइलींचा फोल्डर कॉपी करून बघा, इथे स्पीड खूप पडतो आणि ते स्वाभाविक आहे, पण ऑफिसचं रोजचं काम असल्याच फाइलींचं असतं म्हणून तोच आकडा महत्त्वाचा धरा. टॅलीचा चालू डेटा नॅसवर ठेवायचा असेल तर आधी कंपनीची एक कॉपी टाकून दोन-तीन जणांनी एकदम एंट्री मारून बघा. माझ्या मते टॅली एका पीसीवर आणि रोज रात्री नॅसवर बॅकअप, हे जास्त बरं.

मराठी फाइलनावांची टेस्ट तर कुणीच सांगत नाही आणि आपल्याकडे ती करायलाच पाहिजे. विंडोजवर फाइलचं नाव 255 अक्षरांपर्यंत चालतं, पण बहुतेक नॅसच्या आत लिनक्स असतं आणि तिथे मर्यादा 255 बाइटची आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळं वेगवेगळं मोजलं जातं, 'स्त्री' एवढासा शब्द 18 बाइटचा होतो. म्हणजे 85 चिन्हांत मर्यादा संपली. "ग्रामपंचायत पाणीपुरवठा योजना अंतिम अंदाजपत्रक सुधारित प्रत मार्च" हेच नाव 178 बाइटचं आहे, त्याला आणखी चार-पाच शब्द जोडणाऱ्या ऑफिसात हे आडवं येतं, पीसीवर फाइल नीट असते आणि नॅसवर कॉपी करताना मध्येच एरर येऊन थांबते. सिनॉलॉजीवर शेअर फोल्डर एन्क्रिप्ट केला तर मर्यादा आणखी खाली येते, 143 बाइट, म्हणजे जेमतेम 47 चिन्हं. तुमच्याकडची सगळ्यात लांब नावाची फाइल शोधून आधीच टाकून बघा.

कॉपियरचं स्कॅन पण याच दिवशी तपासा. बरीच जुनी झेरॉक्स मशिन्स स्कॅन फोल्डरला पाठवायला एसएमबी 1 (नेटवर्कवर फाइली शेअर करायची जुनी पद्धत) वापरतात, आणि टेक्निशियन येऊन सरळ नॅसवर एसएमबी 1 चालू करून जातो. तसं करू देऊ नका. मे 2017 चा वॉनाक्राय हा रॅन्समवेअर एसएमबी 1 मधल्या भोकातूनच पसरला होता. स्कॅनसाठी एफटीपीचा एक वेगळा फोल्डर आणि वेगळा युजर बनवा, ज्याला बाकी कुठलीच परवानगी नाही. उलट बाजूने, विंडोज 11 प्रोच्या 24एच2 अपडेटनंतर पीसी गेस्ट लॉगिन आणि साइन न केलेलं कनेक्शन नाकारतात, त्यामुळे "पासवर्ड कशाला, सगळ्यांना उघडं ठेवू" असा विचार असेल तर तो सोडून द्या आणि प्रत्येकाला स्वतःचा युजर द्या.

आता मुख्य छळ. टेस्टचा डेटा भरलेला असताना, कॉपी चालू असतानाच एक डिस्क बाहेर ओढा (मॉडेल चालू असताना डिस्क काढायला परवानगी देतं का ते मॅन्युअलमध्ये बघून, नसेल तर बंद करून काढा). बघायचं काय, तर बॉक्स ओरडतो का, ईमेल येतो का, आणि फाइली उघडतात का. ईमेल नाही आला तर ही टेस्ट नापास, कारण बॉक्स कुठेतरी कपाटावर असतो, लाल दिवा महिनोन्‌महिने कुणी बघत नाही आणि मग दुसरी डिस्क जाते. डिस्क परत लावून रिबिल्ड सुरू करा आणि वेळ मोजा. 4 टीबीला सेकंदाला 150 एमबीने धरलं तरी साडेसात तास लागतात, काही बॉक्स फक्त वापरलेली जागा भरतात तिथे लवकर होतं. त्या वेळात लोकांना काम करता येतंय का ते पण बघा.

लाइटची टेस्ट यूपीएससकट. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला लावा, सेटिंगमध्ये यूपीएस सपोर्ट चालू करा आणि भिंतीतला प्लग काढा. ठरवलेल्या वेळेत नॅस स्वतःहून नीट बंद झाला पाहिजे आणि लाइट आल्यावर आपोआप चालू झाला पाहिजे. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस टाळू नका, चेंजओव्हरच्या झटक्यात बॉक्स रिस्टार्ट होऊ शकतो, आणि इन्व्हर्टरची बॅटरी संपत आलीये हे त्याला नॅसला सांगता येत नाही. शिवाय टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवणार असाल तर तिथेच ठेवून कॉपी चालू असताना डिस्कचं तापमान बघा. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या पुढे असते, डिस्क सारखी पन्नाशीत राहत असेल तर जागा बदला.

स्नॅपशॉट दर तासाला लावा आणि मग एक फोल्डर डिलीट करा, दुसऱ्यातल्या फाइली बदलून सेव्ह करा, आणि ऑफिसातल्या ज्या माणसाला यातलं काही कळत नाही त्याला विंडोजच्या प्रीव्हियस व्हर्जन्समधून परत आणायला सांगा. रॅन्समवेअर पीसीवरून नॅसच्या फाइली कुलूपबंद करू शकतो, पण पीसीच्या युजरला स्नॅपशॉट पुसता येत नाहीत, म्हणूनच रोजच्या कामाला ॲडमिनचं लॉगिन कधीच वापरायचं नाही.

बाहेरून बघायला मिळावं म्हणून राउटरवर पोर्ट उघडू नका, कुणी कितीही सोपं म्हणो. क्यूनॅपच्या इंटरनेटला उघड्या असलेल्या बॉक्सवर 2021 मध्ये क्यूलॉकर आणि 2022 मध्ये डेडबोल्ट आला, लोकांच्या फाइली लॉक करून बिटकॉइन मागितले. तसंही आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडला सीजीनॅट असतं, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता, त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड चालतच नाही. टेलस्केलसारखं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा खाजगी रस्ता) टाका आणि मोबाइल डेटावरून फाइल उघडून बघा.

शेवटची टेस्ट बॅकअप परत आणायची. यूएसबी डिस्कवर घेतलेला बॅकअप दुसऱ्या पीसीवर, नॅस बंद ठेवून, उघडून दाखवा. काही बॅकअप प्रोग्राम स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये ठेवतात, तो उघडायचं सॉफ्टवेअर कुठलं ते आत्ताच उतरवून ठेवा. ती डिस्क ऑफिसात ठेवू नका, घरी न्या. क्लाउडला पाठवणार असाल तर अपलोडचा हिशोब करा, 4 टीबी 50 एमबीपीएसने जायला सात-साडेसात दिवस लागतात, तेही लाइन अखंड चालली तर.

हे सगळं पास झालं तर बॉक्स फॅक्टरी रीसेट करा, नव्याने सेट करा आणि मग खरा डेटा टाका, रोबोकॉपीने (विंडोजमधली कॉपीची कमांड) लॉग ठेवून. झाल्यावर दोन्हीकडचा फाइलींचा आकडा आणि एकूण बाइट जुळवा, आणि जुन्या डिस्कवर तारीख लिहून त्या निदान दोन-तीन महिने तशाच ठेवा, पुसायची घाई नको.