बिअर चाखायला शिकायचंय? आधी गणपत गल्लीत जा

माझी पहिली बिअर-समीक्षा मी कुणाला दाखवत नाही. बेंगळुरूतल्या एका मायक्रोब्रूअरीत प्यालेल्या एप्रिलच्या आंबा बिअरवर ती लिहिली होती. तिच्यात पॅशनफ्रूट होतं, पाइनचा वास होता, ग्रेपफ्रूटची साल होती. ग्रेपफ्रूट मी तोवर बघितलंही नव्हतं! ती वाचून तिथल्या ब्रूअरने एवढंच विचारलं, "आंबा कुठला वाटला?" मला सांगता येईना. आणि मी बेळगावचा, मे महिन्यात घरी आंब्याची अढी लावणारा.

म्हणून नवखे विचारतात, कुठून सुरू करू, तेव्हा मी सांगतो, बाजारातून. वही घ्या आणि बेळगावच्या गणपत गल्लीत फिरा. खानापूरकडून आलेली जांभळं, करवंदं, चिरलेला फणस हुंगा, लवंग नखाने मोडून बघा. गव्हाच्या जर्मन बिअरला, हेफेवायझेनला, पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो. त्यात केळं-लवंग काही घातलेलं नसतं, ती सगळी यीस्टची करणी. माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यासाठी, तर आपल्याकडे कुंदा आहे. दूध आटत, साखरेबरोबर परतलं जात तपकिरी होतं तेव्हा कढईतून जो खरपूस वास सुटतो, त्याचं सख्खं भावंड भाजलेल्या जवाच्या माल्टमध्ये भेटतं. गडद बिअरला मी आजही वहीत 'काकवी' लिहितो, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

दोषांचे वासही घरातच शिकता येतात. लोण्यासारखा वास आला तर डायअसिटिल नावाचं द्रव्य, उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा आला तर डीएमएस, म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव लागली तर बिअर शिळी झाली.

एक फजिती सांगतो. हिरव्या बाटलीतली बिअर दुपारभर खिडकीत राहिली. संध्याकाळी उघडली, तर जळक्या रबरासारखा उग्र दर्प. ब्रूअरीला शिव्या घालत मी अर्धं पान लिहून काढलं. शेजारचा मित्र हुंगून म्हणाला, "हे उन्हानं झालंय की. फ्रीजमधली दुसरी काढ बघू." ती ठणठणीत! बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधली कडू द्रव्यं प्रकाशाने मोडतात आणि गंधकाचा वास सुटतो. तपकिरी काच त्यापासून बऱ्यापैकी वाचवते, हिरवी फारशी नाही. ते अर्धं पान फाडलं. तेव्हापासून शंका आली की दुसरी बाटली उघडल्याशिवाय वाईट लिहीत नाही.

हंगामी बिअर ही काही आजची टूम नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ सालच्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायला बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची. मग मार्चमध्ये जरा कडक करून थंड तळघरात ठेवायचे. मेर्त्झन या जर्मन बिअरच्या नावातला मार्च तो हाच. आपल्याकडे हंगाम फळाचा: एप्रिल-मेमध्ये आंबा, गोव्याकडे कोकम. ही ताजी बिअर टिकत नाही, तेव्हा तिथेच जाऊन चाखायची. बेंगळुरूला मी रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने जातो. गोव्याला जाताना गाडी न पिणाऱ्याच्या हातात, आणि येताना चोर्ला घाटातून बाटल्या आणायच्या फंदात पडू नका.

चाखायला ६० ते ९० मिली पुरे, आणि एका बैठकीत चार-पाच नमुन्यांपुढे जीभ खोटं बोलते. मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे, संध्याकाळी नाकात वाळू आणि धूर असतो, म्हणून रविवार सकाळच धरतो. अत्तर नको, उदबत्ती नको. (आईला हे सांगणं ही या वाटेवरची सगळ्यात अवघड पायरी.) गुणांसाठी बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेचा ५० गुणांचा तक्ता वापरा: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण परिणाम १०. दिसण्याला फक्त तीन, खरं नवखे फेसाच्या फोटोवरच अर्धा तास घालवतात.

पैशाचं विचाराल तर बिअर-समीक्षेवर घर चालत नाही. नोकरी सोडू नका.

गेल्या एप्रिलमध्ये त्याच ब्रूअरकडे पुन्हा गेलो. ग्लास हुंगला, घोट घेतला आणि छातीठोकपणे म्हटलं, "तोतापुरी."

"अर्धी," तो म्हणाला. "बाकी बदामी."

बदामी म्हणजे कर्नाटकातला हापूसच.