फरमेंटरचा गॅस शेवाळाला पाजताना

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट आहे. मळी आंबताना एक लिटर अल्कोहोलमागे साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि बऱ्याच ठिकाणी तो तसाच हवेत सोडला जातो. शेवाळ हाच गॅस खाऊन वाढतं. त्याला गॅस द्यायला शिकायचं असेल तर सुरुवात इथून करा, चिमणीपासून नको. बॉयलरच्या धुरात हा गॅस फार तर दहा-पंधरा टक्के, शिवाय राख आणि धग. फरमेंटरचा, म्हणजे मळी आंबवायच्या टाकीचा गॅस जवळपास शुद्ध आणि थंड असतो. फक्त फेस आणि अल्कोहोलची वाफ पाण्यात धुवून घ्या. स्क्रबर (गॅस पाण्याने धुणारं यंत्र) असेल तर त्यातून धुऊन बाहेर पडणारी लाइन पकडा.

शेवाळ स्पायरुलिना घ्या. लोणारच्या सोड्याच्या पाण्यात ते आपसूक वाढतं. पीएच दहाच्या आसपास असलेल्या पाण्यात दुसरं फारसं काही तग धरत नाही आणि असं पाणी गॅसही चांगला धरून ठेवतं.

माझा हौद ५० चौरस मीटरचा आहे, पाणी २० सेंटिमीटर, म्हणजे १०,००० लिटर. मधे भिंत आणि पाणी फिरवायला पॅडल. यात खाण्याचा सोडा ८० किलो, सोडियम नायट्रेट २५ किलो, मीठ आणि पोटॅशियम सल्फेट प्रत्येकी १० किलो, डायपोटॅशियम फॉस्फेट ५ किलो, मॅग्नेशियम सल्फेट २ किलो, फेरस सल्फेट १०० ग्रॅम आणि लोह विरघळलेलं राहावं म्हणून ईडीटीए ८०० ग्रॅम. बियाणं, म्हणजे सुरुवातीचं जिवंत शेवाळाचं पाणी, आधी ड्रममध्ये गडद हिरवं होऊ द्या, मग ते हौदातल्या पाण्याच्या दहावा हिस्सा तरी पडलं पाहिजे. पहिला आठवडा वर हिरवी जाळी हवीच, नाहीतर विरळ शेवाळ उन्हाने पांढरं पडतं.

आता गॅस. उथळ पाण्यात सोडला तर बुडबुडा क्षणात वर येऊन फुटतो, सगळं वाया. म्हणून हौदाच्या एका टोकाला दीड मीटर खोल खड्डा करून तळाशी बारीक छिद्रांचा डिफ्यूजर बसवा. बुडबुडे वर येता येता बारीक होत नाहीसे झाले पाहिजेत. पृष्ठभागावर खळखळ ऐकू आली की व्हॉल्व्ह कमी करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो. दुरुस्तीला उतरायचं तर लाइन बंद करून, ब्लोअरने हवा खेळवून, वर माणूस उभा करूनच.

किती द्यायचा, हे घड्याळ नाही, पीएच मीटर सांगतं. नवीन पाण्याचा पीएच साडेआठच्या आत असतो, तेव्हा गॅस अजिबात देऊ नका. शेवाळ सोड्यातला कार्बन खात जातं तसा पीएच चढतो, गॅस दिला की उतरतो. १०.२ झाला की व्हॉल्व्ह उघडा, ९.८ ला बंद करा. ऊन तापलं की हे चक्र भराभर फिरतं, ढगाळ दिवशी रेंगाळतं. सूर्य मावळला की गॅस बंद. पहिल्या हंगामात माझ्या पाळीत व्हॉल्व्ह रात्रभर उघडा राहिला. सकाळी पीएच साडेसातच्या खाली, पाणी पिवळट, कडेला फेस. तीन महिन्यांचं बियाणं गेलं. तेव्हापासून व्हॉल्व्हची किल्ली संध्याकाळी माझ्या खिशात असते.

काढणीसाठी काठीच्या टोकाला पांढरी चकती लावा. ती २ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली की पॉलिस्टरच्या बारीक कापडातून शेवाळ गाळा आणि चकती ४ सेंटिमीटरपर्यंत दिसू लागली की थांबा. गाळलेलं पाणी परत हौदात घाला.

हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करा. चौरस मीटरला दिवसाला १० ग्रॅम सुकं शेवाळ धरलं तर माझ्या हौदात अर्धा किलो होतं. एक किलो सुक्या शेवाळात सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड बांधला जातो, म्हणजे दिवसाला ९०० ग्रॅम: सव्वा लिटर अल्कोहोलमागचा गॅस. रोज ३०,००० लिटर काढणाऱ्या डिस्टिलरीला याच दराने तीनशे एकरांच्या आसपास हौद लागतील. तेव्हा व्यवस्थापनासमोर जाताना ‘सगळा गॅस शोषू’ असं सांगू नका. सुकं शेवाळ किती विकलं जाईल आणि पॅडलला वीज किती लागेल, ते आधी मांडा. ते शेवाळ उसाला खत म्हणून घातलं तर कुजताना बराचसा कार्बन पुन्हा हवेत जातो, हेही त्याच कागदावर लिहा.